गोळी आणि चहा यांच्या मधला अर्धा तास

पहाटेचे साडेपाच वाजलेत. उशाशी तांब्या-भांडं आहे, शेजारी गोळ्यांची बाटली. एक गोळी तळहातावर घ्या. लगेच गिळू नका, क्षणभर तिच्याकडे बघा. इतकी हलकी आहे की हाताला तिचं वजन कळत नाही. आता ती जिभेवर ठेवा आणि भांडंभर साध्या पाण्याबरोबर घ्या.

इथून अर्धा तास पोटात काही जायचं नाही. चहासुद्धा नाही. घरातली माणसं अजून झोपलेली आहेत. कर्जत स्टेशनवर एखादी गाडी थांबली असेल, तिला घाट चढवायला मागून इंजिनं जोडत असतील. त्यांची शिट्टी इथवर येते. एरवी हा अर्धा तास आपण भांडी लावण्यात घालवतो, नाहीतर मोबाइल बघण्यात. आज घालवू नका. पाठ भिंतीला टेका आणि माझ्याबरोबर बसा.

ज्यांच्या गळ्यात थायरॉईड ग्रंथी उरलेली नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. कुणाची गाठीमुळे काढून टाकली, कुणाची किरणोत्सारी आयोडिनने निकामी केली, कुणी तिच्याशिवायच जन्माला आलं. माझी ११ वर्षांपूर्वी काढली. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनीही बसावं. खरं तर त्यांनी जरा जास्तच वेळ बसावं.

उजव्या हाताची दोन बोटं गळ्यावर ठेवा, हनुवटीच्या बऱ्याच खाली, जिथे मंगळसूत्राची वाटी नसते पण सरीसारखा दागिना बसतो तिथे. आवंढा गिळा. बोटांखाली काहीतरी वर सरकतं आणि परत जागेवर येतं. ते स्वरयंत्र. त्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असायची. वजन १५ ते २५ ग्रॅम. आज तिथे एक आडवी बारीक रेघ आहे, आणि रेघेच्या मागे मऊ, शांत जागा. त्या जागेवर बोटं राहू द्या. दाबू नका. श्वास आत जातो तसा तो या जागेच्या मागूनच जातो. जाऊ द्या.

मराठीत एक गोष्ट मोठी विचित्र झाली आहे. ‘तिला थायरॉईड आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा तिला आजार आहे असा अर्थ असतो. अवयवाचं नावच आजाराचं नाव होऊन बसलं. मी कुणाला सांगितलं की मला थायरॉईड नाही, तर समोरची बाई म्हणते, बरं आहे हो तुमचं. तिची चूक नाही. जो अवयव बिघडल्याशिवाय त्याचं नावही कानावर पडत नाही, त्याच्या असण्याची दखल कोण घेणार? वैद्यकाच्या मराठीत ‘अवटू’ हा शब्द आहे, पण तो पुस्तकातच राहिला. इतकी वर्षं जिने आपल्याला ऊब दिली, तिला बोलीत हाक मारायला नीट शब्दही नाही.

ऊब हा शब्द मी जपून वापरते आहे. डोळे मिटा आणि शरीरातून सावकाश फिरा. तळपाय गरम आहेत की गार? पोटात काही हलतंय का? मनगटावर नाडी कशी लागते? केस, नखं, पापण्यांची कातडी, काल रात्री लागलेली झोप, आत्ता एखादं नाव आठवायला लागणारा वेळ: या सगळ्याचा वेग ती ग्रंथी ठरवत होती. हृदयाने किती वेळा ठोकावं, आतड्याने अन्न किती घाईने पुढे ढकलावं, पाळी केव्हा यावी, रक्तातली चरबी किती भराभर वापरली जावी, यात तिचा हात होता. ती काही बनवून दाखवत नव्हती. प्रत्येक पेशीतली चूल किती पेटती ठेवायची तेवढं सांगत होती. न विचारता, न थकता.

तिच्याशिवाय जगणं म्हणजे काय हे ऑपरेशननंतर लगेच कळत नाही. रक्तात आधीचा साठा असतो, आणि मग गोळी सुरू होते. खरं कळतं ते गोळी बंद ठेवावी लागते तेव्हा. थायरॉईडच्या कॅन्सरसाठी ग्रंथी काढली असेल तर पुढे पुष्कळांना किरणोत्सारी आयोडिन घ्यावं लागतं, आणि त्याआधी काही आठवडे गोळी थांबवतात. शरीर पुरतं उपाशी झालं की गळ्यात मागे राहिलेल्या चुकार पेशी आयोडिनवर झडप घालतात आणि त्यातच संपतात, असा तो हिशेब आहे. आता गोळी न थांबवता इंजेक्शनवर ही तयारी करता येते, पण ते महाग आहे. मी चार आठवडे गोळीवाचून काढले. तेव्हा जे पाहिलं ते आज तुमच्यासमोर ठेवते, कारण ज्यांना गोळीचा कंटाळा येतो त्यांना ते माहीत असावं.

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. दुसऱ्यात सकाळी उठताना अंगावर कुणीतरी ओलं गोणपाट टाकल्यासारखं वाटायला लागलं. महिना एप्रिलचा, कर्जतला दुपारी घरात थांबवत नाही असा उकाडा, आणि मी चादर पांघरून बसलेली. तिसऱ्या आठवड्यात चेहरा सुजला, आवाज जाड झाला, पोट चार-चार दिवस साफ होईना. डॉक्टरांनी हातोडीने टाचेमागे ठोकलं, पाऊल उडालं आणि परत येताना रेंगाळलं; ते मी स्वतः पाहिलं. स्टेशनचा पूल चढताना मधे दोनदा थांबले. चौथ्या आठवड्यात शेजारच्या मुलाचं नाव आठवेना, ज्याला मी जन्मल्यापासून ओळखते. दुःख वाटत नव्हतं, हे मला आजही सगळ्यात भयंकर वाटतं. दुःख वाटायलाही काही ऊब लागते. आतली माणूस कुठेतरी दूर, खालच्या पाण्यात बसली होती आणि वरचं सगळं ऐकू येत होतं, पण उत्तर देण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.

थोडं थांबा. हे वाचताना छाती आवळली असेल तर श्वास सोडा, लांब. मी परत आले आहे. गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत मी परत आले.

गोळी थांबवलेल्या त्या दिवसांत आयोडिन टाळायचं असतं. मीठ बिनआयोडिनचं, सुकट नाही, जवळा नाही, बोंबील नाही, दूधही जवळजवळ नाही. रायगडातल्या बाईला सुकटीशिवाय महिना म्हणजे वनवासच. मग मुंबईत, परळला. टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ सालापासूनचं. अणूचा उपयोग माणूस बरा करण्यासाठी व्हावा म्हणून उभं राहिलेलं ते घर. किरणोत्सारी आयोडिन म्हणजे घोटभर औषध असतं, दिसायला पाण्यासारखं, किंवा कॅप्सूल. ते घेतलं की काही काळ माणसांपासून लांब, वेगळ्या खोलीत. पाणी भरपूर प्यायचं, लाळ सुटावी म्हणून लिंबू चोखायचं, घरी आल्यावरही लेकरांना आणि गरोदर बाईला काही दिवस जवळ घ्यायचं नाही. हे आयोडिन दर आठ दिवसांनी निम्मं होत जातं. आजार संपवणारी गोष्ट स्वतःही संपत जाते. त्या खोलीत एकटं बसणारीला हे ठाऊक असलं तर रात्र जरा सोपी जाते.

आता मनाने जरा लांब जाऊया, स्वित्झर्लंडमधल्या बर्नला. तिथे थिओडोर कोचर नावाचा शल्यचिकित्सक होता. आल्प्सच्या दऱ्यांमध्ये मातीत आयोडिन कमी, म्हणून गलगंड घरोघर. पूर्वी गलगंडाचं ऑपरेशन म्हणजे रक्ताच्या थारोळ्यात मरण असं होतं. कोचरने ते इतकं सावध, इतकं स्वच्छ केलं की रोगी जगू लागले. १८७४ मध्ये त्याने ११ वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी पूर्ण काढली. जखम सुंदर भरली. काही वर्षांनी तिच्या गावच्या डॉक्टरने कळवलं की मुलगी पूर्वीसारखी राहिली नाही. तिला पुन्हा पाहिलं तेव्हा तिची धाकटी बहीण तिच्या डोक्यावरून वर गेलेली होती, आणि ही तिथेच थांबली होती. उंचीने, आणि बुद्धीनेही. कोचरने जुन्या रोग्यांना परत बोलावलं. ज्यांची ग्रंथी त्याने समूळ काढली होती त्यांतले बहुतेक सुजलेले, मंद, गारठलेले असे त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. १८८३ मध्ये त्याने हे सगळं उघडपणे मांडलं आणि अशा गलगंडात पूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. जिनिव्हाच्या रेव्हरदँ या शल्यचिकित्सकानेही आदल्या वर्षी हेच पाहिलं होतं. १९०९ चं नोबेल कोचरला मिळालं.

त्या मुलीवर मन ठेवा. नोबेलवर नको. ज्या पहाटे तुम्ही आत्ता बसला आहात, अशा हजारो पहाटा तिच्या वाट्याला आल्या आणि तिच्या उशाशी बाटली नव्हती. ती काही आळशी नव्हती, मठ्ठ नव्हती, तिच्या आईने तिला नीट वाढवलं नव्हतं असंही नव्हतं. तिच्या रक्तात मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढी एक गोष्ट रोज कमी पडत होती. कोचरचा हात इतका कसबी होता की त्याने कण मागे ठेवला नाही, आणि म्हणूनच जगाला कळलं की ती ग्रंथी कशासाठी असते. तिच्या गळ्याने ते शिकवलं. माझी गोळी तिथून येते.

मग १८९१. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून, जिची ग्रंथी आपोआप सुकून गेली होती अशा ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती हलू-बोलू लागली, आणि वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असं मरेने नंतर लिहून ठेवलं. दिवाळीनंतर धनगरांचे कळप घाट उतरून आपल्याकडे येतात, रिकाम्या खाचरांत बसतात, तेव्हा मला तो आकडा आठवतो. एका बाईच्या चालत्या-बोलत्या राहण्यामागे एवढे जीव. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉलने शुद्ध थायरॉक्सिन वेगळं केलं, १९२७ मध्ये लंडनच्या हॅरिंग्टनने ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि पुढे हळूहळू मेंढ्या सुटल्या.

तर ही गोळी. माझी १०० मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे १०,००० गोळ्यांमधलं औषध गोळा केलं तर एक ग्रॅम होईल, आणि तेवढं खायला मला २७ वर्षं लागतील. ११ वर्षांत मी पुरता अर्धा ग्रॅमही खाल्लेला नाही. चिमूटभर मिठापेक्षा कमी. त्यावर मी मुलीचं लग्न केलं, शेत लावलं, दोनदा भीमाशंकर चढले. गोळीचा आकार दिसतो तो बाकीच्या भुकटीचा. खरं औषध त्यात शोधून सापडणार नाही इतकं असतं. तळहातावर ती आत्ता घेतली होती, तो स्पर्श आठवा. कमी म्हणजे क्षुल्लक असं नसतं, हे मला दुसऱ्या कशाने इतकं पटलं नाही.

या गोळीतलं थायरॉक्सिन हे भातासारखं आहे; शिजवलेला नव्हे, आपण शेतात पिकवतो तो, टरफलासकट. त्याच्या रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. यकृत, मूत्रपिंड आणि इतर ठिकाणी त्यातला एक अणू काढला जातो, तेव्हा भाताचा तांदूळ होतो आणि पेशी तो वापरतात. ग्रंथी होती तेव्हा ती बराचसा भात पाठवायची आणि थोडा तयार तांदूळही. गोळीत फक्त भात. पुष्कळांचं तेवढ्यावर चांगलं चालतं. काहींचं कांडणं पुरत नाही. रक्ताचा अहवाल बरोबर येतो आणि तरी दुपारी अंग गळतं, डोक्यावर धुकं बसतं. अशा माणसाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचं आहे’ म्हणून घालवू नये. तुम्ही तसे असाल तर आत्ता, या क्षणी, स्वतःवरचा तो आळ काढून टाका. हात गळ्यावरून छातीवर आणा. थकवा खरा आहे. डॉक्टरांना तो पुन्हा सांगायचा आहे. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व तपासायचं आहे. पण आधी स्वतःला तो खरा आहे असं म्हणायचं आहे.

आता पेज नदीकडे चला. मनाने, बसल्या जागेवरून.

आपल्याकडच्या नद्या पावसाळ्यात वेड्यासारख्या धावतात आणि होळीपर्यंत दगड दाखवायला लागतात. पेज मात्र वैशाखातही वाहते. का, ते इथल्या पोरालाही ठाऊक आहे. घाटावर मावळात ठोकळवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी खरं म्हणजे पूर्वेला, भीमेकडे जायचं. ते अडवून बोगद्यातून, नळांतून कडा उतरवून भिवपुरीच्या वीजघरात आणलं, १९२२ मध्ये. वीज करून झालं की भिवपुरीचं पाणी पेजेत सुटतं, राजनाल्यातून खाचरांत जातं, आणि कर्जत तालुक्यात उन्हाळी भात उभा राहतो. मे महिन्यातल्या त्या हिरव्या चौकोनांकडे बघून कुणी म्हणत नाही की ही नदी खोटी आहे. पाणी माणसाने सोडलेलं असतं, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने. गुरं ते पितात. बगळे येतात. बायका धुणं धुतात.

माझ्या शरीरातली नदी आता अशी आहे. वर निसर्गाचा झरा होता, तो गेला. पाणी मी सोडते, पहाटे साडेपाचला. या चित्राजवळ सावकाश बसा. नळातून उतरणारं पाणी, खाली शांत झालेलं, पाटाने पसरत जाणारं. तळपायापर्यंत, बोटांच्या टोकांपर्यंत. आपण दिलेलं आहे म्हणून ते कमी प्रतीचं नाही. ते वाहतं आहे.

आणि ते एका दिवसात आटतही नाही. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजारभर प्रवासी तासन्‌तास डब्यात होते. त्यांत कुणी आपल्यासारखं असणारच आणि बाटली घरी राहिलेली असणार. एका दिवसाने काही बिघडत नाही. भीती ठेवू नका. पण सात दिवस, चौदा दिवस, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून महिनाभर, हे मात्र ओलं गोणपाट परत आणतं. आणि फार लांबलं, त्यात वय झालेलं असलं, थंडी-ताप आला, तर माणूस बेशुद्ध होऊन जिवावर बेततं. पावसाळ्यात आपल्याकडे रस्ते खचतात, गाड्या बंद पडतात. डोंगरातल्या वाड्यांवरून औषधाला खाली उतरणं सोपं नाही. जूनच्या आधी एक बाटली जास्तीची घरात असू द्या. ओट्यावर नको, चुलीपाशी नको, न्हाणीत नको. झाकण घट्ट लावून, कोरड्या कपाटात.

उलट्या बाजूचंही पाहायला हवं. वजन उतरावं म्हणून मनाने गोळी वाढवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. धरणाचं दार जास्त उघडलं तर खाचरांचे बांध फुटतात. छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते. वर्षानुवर्षं असंच राहिलं तर हाडं पोकळ होतात आणि हृदयाची लय बिघडते. माप बदलायचं ते रक्त तपासून, आणि बदललं की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून.

त्या तपासणीत टीएसएच नावाचा आकडा असतो. तो वाढला की हार्मोन कमी पडलं, आणि उतरला की जास्त झालं. सगळ्यांचा घोळ होतो. मी तो असा समजून घेतला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. ती गळ्यातल्या ग्रंथीला हाक मारायची: दे, अजून दे. टीएसएच ही ती हाक. आज गळ्यात कुणी नाही, हे वरच्या ग्रंथीला कळलेलं नाही, कधी कळणारही नाही. रक्तात ऊब कमी झाली की ती हाका वाढवते, रिकाम्या घराच्या दारात उभी राहून. मी गोळी घेते आणि हाक थांबते. (कॅन्सर झालेल्या काहींमध्ये डॉक्टर ती हाक मुद्दाम अगदी बारीक ठेवतात, म्हणून त्यांचा आकडा इतरांसारखा नसतो, शेजारणीच्या रिपोर्टशी आपला लावून बघू नये.) डोळे मिटलेलेच असू द्या. ती हाक ऐका. तुम्ही नुकतंच तिला उत्तर दिलं आहे.

ग्रंथीच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार बारीक ग्रंथी असतात. कर्जत-१८४ या वाणाचा दाणा डोळ्यांपुढे आणा, तेवढ्या. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या तर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, कधी हाताचे पंजे आखडून वाकडे होतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत सावरतं, काहींना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं. पंजे आखडले तर वाट बघत बसायचं नाही, थेट दवाखाना. आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी या पहाटेच्या गोळीसोबत कधीच नाही. चार तासांचं अंतर. दोघी पोटात एकत्र आल्या की थायरॉक्सिन अंगी लागत नाही.

स्वरयंत्राच्या नसाही तिथूनच जातात. माझा आवाज टिकला, पण वरचे सूर गेले. भजनी मंडळात मी पट्टी खाली घेतली तेव्हा पहिल्या दिवशी मला रडू आलं. पेटी वाजवणाऱ्या काकूंनी काही न बोलता खालच्या स्वरावर बोट ठेवलं आणि सगळ्या बायका माझ्याबरोबर खाली आल्या. ते मी विसरणार नाही. आत्ता, ओठ मिटून, सगळ्यात सोपा जो सूर लागेल तो हलकेच गुणगुणा. बोटं गळ्यावर. कंप लागतो का? हा तुमचा आजचा सूर.

घरच्यांसाठी काही गोष्टी. कोबी-फ्लॉवर खाऊ नको असं तिला सांगत राहू नका. त्या भाज्यांचा संशय ग्रंथीवरच्या परिणामामुळे होता, आणि तिला ग्रंथीच नाही. मीठ मात्र घरात आयोडिनचंच असावं. पेणच्या मिठागरातलं खडेमीठ समुद्राचं असलं तरी त्यात आयोडिन पुरेसं नसतं, आणि घरातल्या मुलांना, पोटुशीला ते लागतं. उपवासाच्या दिवशीही ही गोळी पाण्याबरोबर घ्यायची असते, तिने व्रत मोडत नाही असं तिला घरातल्या मोठ्या माणसाने एकदा तोंडाने सांगावं. आणि ती दुपारी पडली तर तिला पडू द्यावं.

जिला दिवस गेलेत तिने कळल्या दिवशी डॉक्टरांकडे जावं. गोळी वाढवावी लागते, पुष्कळदा चौथ्या हिश्शाने किंवा जास्त, कारण सुरुवातीला पोटातलं बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर मेंदू घडवत असतं.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जवळचं. काही बाळं ग्रंथीशिवायच जन्मतात, काहींची ग्रंथी अपुरी असते. आपल्या देशात जन्मजात थायरॉईडची ही कमतरता हजाराच्या आसपास जन्मांमागे एका बाळाला असते. जन्मतात तेव्हा ती ठीक दिसतात, कारण आईकडून थोडं मिळालेलं असतं. मग ती जास्त झोपतात, कमी दूध ओढतात, कावीळ रेंगाळते, रडतात ती घोगरी. आणि आपण कौतुक करतो: किती गुणाचं बाळ, रडतच नाही. त्या शांतपणात त्याचा मेंदू मागे पडत असतो. बर्नच्या त्या मुलीला ११ वर्षं तरी मिळाली होती. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाने हे पहिल्या आठवड्यातच कळतं. दोन आठवड्यांच्या आत हीच गोळी, कुस्करून, चमचाभर पाण्यातून सुरू केली तर ते मूल इतरांसारखं शाळेत जातं. आपल्याकडे ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात आपोआप होत नाही. मागावी लागते. तुमच्या घरात, शेजारी, वाडीवर कुणी बाळंत होणार असेल तर आधीच सांगून ठेवा: टाचेच्या रक्ताची थायरॉईडची तपासणी करा म्हणावं. जिला बोलायचा संकोच असेल तिच्यासोबत जा.

आता बोटं गळ्यावरून काढा. हात मांडीवर ठेवा. एक श्वास, सावकाश. डोळे उघडा, खिडकीत उजाडलं असेल. बाटलीचं झाकण घट्ट लावलंय का बघा.

सहा वाजले. चहा ठेवा.